माफीच्या पुढे काय?

तीनशे वर्षांपूर्वीच्या गुलामगिरीबद्दल चर्च ऑफ इंग्लंडने आज माफी मागून काय साधणार, असं काही जण विचारतात. मला वाटतं हा हिशेब अजून मिटलेलाच नाही. क्रिस्टोफर कॉड्रिंग्टन हा इंग्रज मळेमालक १७१० मध्ये वारला आणि कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावरचे त्याचे उसाचे मळे, तिथल्या गुलामांसकट, एसपीजी (सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल) या चर्च ऑफ इंग्लंडच्या धर्मप्रचारक संस्थेकडे आले. तिथल्या माणसांच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने 'सोसायटी' अशी अक्षरं डागली जात. वाचताना अंगावर काटा येतो. आणि गुलामगिरी संपवणाऱ्या १८३३ च्या ब्रिटिश कायद्यानंतर सरकारी भरपाई मिळाली तीही मालक म्हणून संस्थेलाच. राबणाऱ्यांना छदामही नाही. चर्चच्या सिनडने (कारभार पाहणाऱ्या सभेने) २००६ मध्ये माफी मागितली खरी, पण संस्थेने बार्बाडोससाठी ७० लाख पौंडांचा प्रकल्प जाहीर केला तो २०२३ मध्ये. त्यात गुलामांच्या दफनाच्या जागा शोधणं आणि घराण्यांचा माग काढणं आहे. हे काम नुसत्या माफीपेक्षा कितीतरी मोलाचं आहे. मात्र पैसा कुठे जायचा हे वंशजांनीच ठरवायला हवं, लंडनमध्ये बसलेल्यांनी नाही.