समुद्र न पाहिलेल्या मुलांचे समुद्री चाच्यांचे नाटक

प्रश्न : एक शिक्षिका, धाराशिव जिल्हा

सर्वांना नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीचे वर्ग सांभाळते. जानेवारीतील स्नेहसंमेलनासाठी मुलांनी यंदा शेतकरी नृत्य आणि कोळीगीत दोन्ही नाकारून समुद्री चाच्यांचे नाटक करायचे ठरवले आहे. मुले २६, वेळ १२ मिनिटे आणि रंगमंच म्हणजे व्हरांड्यापुढचा ओटा. यांपैकी एकानेही समुद्र पाहिलेला नाही. सर्वांत मोठे पाणी पाहिले ते पैठणच्या सहलीत नाथसागरावर. आपल्याकडच्या बोलीमुळे एकाने तर "चाचा म्हणजे काकाच ना?" असेही विचारून घेतले.

खरी अडचण पालकांची आहे. दरोडेखोरांचे नाटक मुलांकडून कशाला करून घेता, असे एकांनी विचारले, तर दुसऱ्यांनी कान्होजी आंग्रे यांनाच चाच्यांचा नायक करावे, म्हणजे इतिहासही शिकवून होईल, असे सुचवले. मला दोन्ही पटले नाही, पण त्यांना नीट उत्तरही देता आले नाही.

उत्तर १ : निवृत्त इतिहास शिक्षक, परभणी

मॅडम, कान्होजींना या नाटकात आणू नका. इंग्रज त्यांना चाचा म्हणत, परंतु ते मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख होते. त्यांचे दस्तक न घेता कोकण किनाऱ्यावरून जाणारी जहाजे ते अडवत, आणि असेच परवाने पोर्तुगीजही त्यांच्या आधीपासून व्यापाऱ्यांच्या गळ्यात मारत आले होते. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेले, तरी किल्ला त्यांच्या हाती लागला नाही. हा स्वतंत्र नाटकाचा विषय आहे, डोळ्याला काळी पट्टी बांधून करण्याचा नव्हे.

पहिल्या पालकांचा आक्षेप मात्र रास्त आहे, आणि त्याचे उत्तर संहितेतूनच देता येईल. अठराव्या शतकाच्या आरंभी अटलांटिकमध्ये फिरणाऱ्या चाच्यांच्या कित्येक जहाजांवर कप्तान मतदानाने निवडला जाई आणि लुटीच्या वाटपाचे नियम लिहून ठेवलेले असत. त्यांच्यापैकीच बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या चाच्याच्या जहाजावर कप्तानाला दोन वाटे मिळत, रात्री आठ वाजता दिवे मालवावे लागत आणि वाजंत्र्यांना आठवड्यातून एक दिवस विश्रांती असे. लुटारूंनाही आपसांत न्यायाने वागावे लागते, यातच भरपूर विनोद आहे. समजा १८ चाचे आहेत, म्हणजे वाटे झाले १९, आणि खजिन्याच्या पेटीत कुंथलगिरीचे पेढे निघाले १७. पुढची भांडणे मुले स्वतःच रचतील. तुम्ही फक्त लिहून घ्या.

फळीवरून समुद्रात ढकलणे आणि खजिना पुरून ठेवणे हा भाग बहुतांशी कथा-कादंबऱ्यांतला आहे. नाटकात तो खुशाल ठेवावा, फक्त निवेदकाने त्याला इतिहास म्हणू नये. आणखी एक : १७२० मध्ये जमैकाजवळ पकडलेल्या चाच्यांत अ‍ॅन बॉनी आणि मेरी रीड या दोन स्त्रिया होत्या, तेव्हा मुलींना नुसत्या लाटा करून बसवू नका.

उत्तर २ : बालनाट्य शिबिरे घेणारा, छत्रपती संभाजीनगर

सरांचे पेढे उत्तम; मी जहाजापुरते लिहितो. जहाज बांधू नका. मी एकदा पुठ्ठ्याचे १२ फुटी गलबत उभे केले होते, ते पहिल्याच झुळुकीला प्रमुख पाहुण्यांच्या अंगावर गेले. एका वेळूला पांढरे धोतर बांधले की शीड झाले, आणि बैलांचे कासरे हातात दिले की दोर झाले. बाकीचे जहाज मुलांनी अंगाने करायचे : ढोलकीच्या एका ठोक्यावर सगळ्यांनी डावीकडे कलायचे, पुढच्या ठोक्यावर उजवीकडे, आणि एकच मुलगा मुद्दाम उलट्या बाजूला कलून पडायचा. शिडांचा आकार दाखवायचा असल्यास अजिंठ्याच्या लेणे क्रमांक २ मधील तीन डोलकाठ्यांच्या जहाजाचे चित्र वर्गात लावा. आपल्या मराठवाड्यातील मुलांसाठी याहून जवळचे जहाज नाही.

लाटांसाठी दोन निळी लुगडी दोन्ही टोकांना धरून हलवावीत. समुद्राचा आवाज हवा असेल तर सुपात दोन मुठी ज्वारी घेऊन माइकजवळ सूप सावकाश इकडून तिकडे कलते करावे. दाणे सरकत जातात तेव्हा लाट वाळूवरून मागे हटल्यासारखे ऐकू येते. घाई केली तर मात्र कोणीतरी धान्य पाखडते आहे, असेच वाटते.

उत्तर ३ : एक पालक, लातूर

ताई, डोळ्यावरची पट्टी जाळीच्या काळ्या कापडाची शिवून घ्या. एक डोळा झाकला की मुलांना पायरीचा अंदाज येत नाही. माझी मुलगी अशीच ओट्यावरून उतरताना पडली होती. दाढी-मिशा काजळाने काढाव्यात, डिंकाने कापूस चिकटवला तर तो घामाने निघतो. तलवारी पुठ्ठ्याच्याच ठेवा आणि वार मोजून, डोक्याच्या वर, तलवारीवरच करायला शिकवा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांची आभारी आहे. काल वर्गात कप्तानपदासाठी मतदान घेतले आणि चौथीतील एक मुलगी चार मतांनी निवडून आली. आक्षेप घेणाऱ्या पालकांना वाटपाचा प्रसंग वाचून दाखवला. ते हसले आणि शिडासाठी वेळू देतो म्हणाले. सुपाचा आवाज पहिल्या वेळी पाखडण्यासारखाच आला, तिसऱ्या वेळी जमला. तालमीसाठी पेटीत सध्या १७ खडू ठेवले आहेत, कारण पेढे ठेवले तर प्रयोगापर्यंत खजिना उरायचा नाही.