जोधपूरच्या हवेबद्दल थोडी भर

दमा असलेल्या आईला जोधपूरला कधी न्यावं, या इथल्या प्रश्नावर बहुतेकांनी थंडीच बरी असं सुचवलंय. ऊन टाळायचं तर ठीक, पण हवेचं गणित वेगळं आहे. मे-जूनमध्ये तिथे 'आंधी' येते. थरच्या वाळवंटातली धूळ उडते आणि पीएम १०, म्हणजे हवेतल्या १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचं प्रमाण, भडकतं (२४ तासांची आपली मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर). त्रास होतोच, पण ही धूळ बरीचशी जाडसर, नाकाघशात अडकणारी. डिसेंबर-जानेवारीत वारा पडतो, गार हवा जमिनीलगत बसून राहते, आणि वाहनांचा, शेकोट्यांचा धूर वर जातच नाही. तेव्हा चढतो तो पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, थेट फुफ्फुसात उतरणारे. म्हणून नुसता एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) बघू नका, कशामुळे वाढलाय तेही बघा. तो आकडा सरासरी नसतो, सर्वांत वाईट घटकाचा असतो.

माझं मत विचाराल तर ऑगस्ट. दोन-चार सरी पडून गेल्या की हवा निवळते आणि मेहरानगड किल्ल्यावरून खालची निळी घरं धुतल्यासारखी दिसतात. उकाडा सोसावा लागेल, ते आलंच! मुक्काम मात्र दगडाच्या खाणी आणि कटाईच्या कारखान्यांपासून लांब ठेवा. तिथली धूळ ऋतू बघत नाही.