स्त्री अभ्यासाची वेगळी एम.ए.: पदांचं काय?

विद्यापीठात स्त्री अभ्यासाची वेगळी एम.ए. सुरू करावी का, या चर्चेत ‘समाजशास्त्रात स्त्रियांवर एक पेपर आहेच, वेगळी एम.ए. कशाला?’ असा मुद्दा आला. तो मला मुळीच पटत नाही. त्या एका पेपरात हुंडा, घरगुती हिंसा आणि आरक्षण उरकलं जातं. बाईच्या घरकामाची किंमत राष्ट्रीय उत्पन्नात का धरत नाहीत, जात टिकवण्यात लग्नाचा वाटा किती, इथवर येईपर्यंत सत्र संपतं. शिवाय प्राध्यापकपदासाठीच्या नेट या पात्रता परीक्षेला स्त्री अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे, तेव्हा ‘पुढे काय’ याला निदान एक उत्तर आहे.

पण शिक्षकांच्या पदांबद्दल या चर्चेत अजून कुणी बोललं नाही. मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ नीरा देसाईंच्या पुढाकाराने १९७४ साली देशातलं पहिलं स्त्री अभ्यास केंद्र उभं राहिलं. पुढे सातव्या पंचवार्षिक योजनेत विद्यापीठ अनुदान आयोगाने इतर विद्यापीठांतल्या केंद्रांना पैसा देणं सुरू केलं. तो योजनेचा पैसा, म्हणजे मुदतीचा; त्यामुळे पदंही तात्पुरती. मी एका केंद्रात पाच वर्षं शिकवलं, दर वेळी अकरा महिन्यांच्या नेमणुकीच्या आदेशावर. एका वर्षी जुलैचा आदेश ऑक्टोबरात आला. तोवर वर्गच भरले नाहीत आणि दोन मुली प्रवेश रद्द करून गावी परतल्या. त्यातली एक घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिलीच होती, तिचा फोन मी अजून विसरलेले नाही. म्हणून अभ्यासक्रमांना मंजुरी देणाऱ्या विद्यापीठाच्या विद्या परिषदेकडे प्रस्ताव नेताना अभ्यासक्रमाच्याही आधी किमान दोन कायम, पूर्णवेळ पदांची मागणी लिहा. मराठीतल्या वाचन साहित्याची यादी मी करून देते.