इंदूरचे व्याही, विहीणबाईंचा गुडघा आणि मुंबईचं चाट : बसून कुठे खायचं?

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईने हवी आहे.

फेब्रुवारीत मुलाचं लग्न झालं. सूनबाई इंदूरची. येत्या आठवड्यात व्याही आणि विहीणबाई पहिल्यांदाच आमच्याकडे डोंबिवलीला येतायत, आणि शनिवारचा अख्खा दिवस 'मुंबईचं खाणं' यासाठी राखून ठेवलाय. आम्ही नाही, व्याह्यांनीच. (रविवार म्हणत होते, मेगाब्लॉक म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं.)

लग्नाच्या वेळी त्यांनी आमच्या सगळ्या वऱ्हाडाला रात्री साडेअकराला सराफ्यात नेलं होतं. दिवसा सोन्याची दुकानं, ती बंद झाली की त्यांच्याच दारात भुट्टे का कीस, गराडू, आणि दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलणारे जोशी. तिथे खाता खाता व्याही म्हणाले, "तुमच्या मुंबईत काय हो, एक वडापाव." आमच्या ह्यांना ते अजून झोंबतंय.

अडचण अशी की विहीणबाईंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. दहा मिनिटांच्या वर उभं राहवत नाही. शिवाय कांदा-लसूण वर्ज्य. म्हणजे टेबल-खुर्ची हवी, पण चव गाडीवरचीच हवी. एकूण सहा माणसं.

मी आणि मुलगा थोडी पाहणी करून आलो. पावभाजीचं एक बरं असतं, टेबलावर आणली म्हणून तिचं काही बिघडत नाही. व्हीटीसमोरच्या कॅननची मला स्वतःला जास्त आवडते, पण तिथे उभ्यानं खायचं. ताडदेवच्या सरदारकडे बसता येतं, आणि भाजीवर तो लोण्याचा गोळा विरघळताना बघितला की इंदूरकरही गप्प बसतील असं वाटतं. मिसळीसाठी आस्वाद डोक्यात आहे. २०१५ मध्ये लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत त्यांच्या मिसळीला मान मिळाला होता, हे व्याह्यांना सहज बोलता बोलता ऐकवायचा ह्यांचा बेत आहे. ताडदेवचंच स्वाती स्नॅक्स १९६३ पासूनचं, केळीच्या पानातली पानकी सुंदर, पण रांग लांब आणि सगळं इतकं नीटनेटकं की व्याही म्हणतील, यात रस्ता कुठेय?

घोडं अडलंय पाणीपुरीपाशी. मागच्या आठवड्यात एका एसी हॉटेलात मागवली. सहा पुऱ्या आधीच फोडून, रगडा भरून, पांढऱ्या बशीत गोल मांडलेल्या, मध्ये पाण्याची वाटी आणि बाजूला चमचा. पहिली झकास लागली. दुसरीत पाणी घालून तोंडाशी नेईतो मुलाचा फोन वाजला. चौथी उचलली तर बूडच बशीत राहिलं आणि हिरवं पाणी कोपरापर्यंत आलं. गाडीवर भैया एकेक हातात ठेवतो, आपण 'आ' करून तयारच असतो, तो हिशोबच या बशीत बसत नाही. वर सुकी पुरी मागितली तर वेटर म्हणाला, बिलात लावावी लागेल!

तर सांगा, पाणीपुरी बसून पण कुरकुरीत कुठे मिळेल? वडापावचं काय करू? आणि शनिवारी कुठे किती थांबावं लागतं, त्याचा अनुभव असेल तर तोही लिहा.

प्रतिसाद १
वांद्र्याला हिल रोडवर एल्को. पाणीपुरी बाटलीबंद पाण्याची, बसायची सोय आहे. खुर्ची वर मिळणार की खाली, तेवढं आधी फोन करून विचारा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला दहा पायऱ्यासुद्धा डोंगर असतो (आईमुळे माहीत).

प्रतिसाद २
वडापाव टेबलावर मागवूच नका. बशीत वडा वेगळा, पाव वेगळा, वर कोथिंबीर... नको. कीर्ती कॉलेजजवळचा अशोक वडापाव घ्या, तो बेसनाचा चुरा त्यांच्या इंदुरी शेवेला उत्तर आहे. विहीणबाईंना टॅक्सीतच बसवा, दार उघडं ठेवा, वडापाव हातात नेऊन द्या.

धागाकर्ती
टॅक्सीची कल्पना फारच आवडली, पण अहो, वड्यातच लसूण असतो. त्या टॅक्सीत बसून आमच्या तोंडाकडे बघणार का? व्याही आहेत ते, जन्मभर लक्षात ठेवतील.

प्रतिसाद ३
मग दादरलाच दोन फळ्या करा. विहीणबाई, तुम्ही आणि सूनबाई गोखले रोडच्या प्रकाशमध्ये बसा. साबुदाणा वडा आणि पियुष, दोन्हीत कांदा-लसूण नाही. दुसरं कोणी येऊन टेबलाला बसलं तर नवल वाटून घेऊ नका. तेवढ्यात पुरुषमंडळी टॅक्सीने कीर्ती कॉलेजला जाऊन येतील. आस्वादला विहीणबाईंना नेऊन काय खायला घालणार, मिसळीवर कांदा आलाच. ती दुसऱ्या दिवशी व्याह्यांना एकट्यांना खिलवा. सरदारला जाल तेव्हा कांदा-लसूण नको हे बसल्या बसल्या सांगा. जैन भाजीत बटाट्याऐवजी कच्ची केळी घालतात, चवीला वाईट लागत नाही.

प्रतिसाद ४
वांद्र्याऐवजी कुलाब्याचं कैलाश पर्बत बघा. सिंधी मंडळींचं, रगडा पॅटीस आणि पाणीपुरी दोन्ही आहे, आणि पाहुण्यांना गेटवेही दाखवून होईल. परतताना संध्याकाळी ताडदेव. सरदारला आठच्या आत पोचा, नंतर शनिवारची गर्दी उभी असते.
पाणीपुरीचं म्हणाल तर ऑर्डर देतानाच सांगायचं: पुऱ्या फोडू नका, रगडा वाटीत, पाणी वेगळं. मग टेबलावरच्या एका माणसाने बाकीच्यांना एकेक भरून द्यायची. आमच्याकडे हे काम काका करतात, स्वतः शेवटी खातात आणि कुरकुरतात.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. ठरलं असं: सकाळी फास्ट लोकलने दादर, दोन फळ्या. दुपारी टॅक्सीने कुलाबा. संध्याकाळी सरदार. स्वाती पुढच्या खेपेला.

पाणीपुरी भरून द्यायला व्याह्यांनाच बसवणार आहे. ते बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालेत, कोणाला सातवी जाणार नाही. फक्त एक राहिलं: विहीणबाई टॅक्सीत पुढे बसल्या तर पाय लांब करता येतो का, की मागेच बरं? कोणाला अनुभव असेल तर शुक्रवारच्या आत लिहा.