वेचणीची थकलेली मजुरी आणि मंडळीची जबाबदारी

प्रश्न : मंडळीचा एक पंच, यवतमाळ जिल्हा

ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनींनो, आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीत शेतमालक आहेत आणि त्यांच्याच शेतात कापूस वेचायला जाणाऱ्या बायाही आहेत. नाताळात मंडळीतर्फे विधवा भगिनींना धान्य आणि लुगडी दिली जातात, आणि ते मनापासून केले जाते. परंतु त्यांच्यापैकी कित्येकींची वेचणीची मजुरी त्या वेळी मालकाचा कापूस विकला गेला नाही म्हणून थकलेली असते. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, असे पवित्र शास्त्रातील अनुवाद या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे. हा विषय मी पंचांच्या बैठकीत काढला, तेव्हा ‘हा ज्याच्या त्याच्या शेतीचा व्यवहार आहे, मंडळीने त्यात पडू नये’ असे उत्तर मिळाले. मंडळीने यात पडावे काय, आणि पडायचे तर माणसे न तोडता ते कसे करावे, हे जाणत्यांनी कृपया लिहावे.

उत्तर 1 : निवृत्त पाळक, अमरावती

पडावेच. पवित्र शास्त्रातील नहेम्या या पुस्तकाचा पाचवा अध्याय बैठकीत मोठ्याने वाचावा. दुष्काळ आणि राजाचा कर यांमुळे लोकांची शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण पडली होती, मुलेबाळे दास्यात चालली होती, आणि हे करणारे परके नव्हते, भाऊबंदच होते. यहूदाचा सुभेदार असलेला नहेम्या संतापला, तरी त्याने आधी मनाशी विचार केला आणि मग सभा बोलावून शेते व व्याज त्याच दिवशी परत करण्यास सांगितले. मला महत्त्वाचे वाटते ते असे, की आपण आणि आपली माणसेही धान्य व पैसा उसना देत आहोत, हे त्याने सर्वांसमोर सांगितले. शिवाय सुभेदाराचा भत्ता त्याने 12 वर्षे घेतला नाही. म्हणून कोणाची किती बाकी आहे, हे पंचांनी आधी आपल्याच घरापासून मांडावे. थकलेली मजुरी मजुराचीच असते. ती दाबून ठेवून वर लुगडे दिले, तर त्याला दान म्हणता येत नाही.

उत्तर 2 : वेचणीला जाणारी एक भगिनी, वर्धा जिल्हा

पाळकसाहेबांचे म्हणणे पटते, परंतु काट्याविषयीही बोलले पाहिजे. आमची मजुरी किलोमागे ठरते. सायंकाळी धुऱ्यावर गाठोडे तोलतात, तेव्हा दवाचे आणि फडक्याचे म्हणून वजन कापतात आणि काट्याचा आकडा पुष्कळदा आम्हाला दिसतही नाही. लेवीयाच्या 19 व्या अध्यायात खरा तराजू आणि खरी वजने ठेवण्याची आज्ञा आहे. तिच्यावर प्रवचन झालेले मला आठवत नाही. मजुरी थकली की आम्ही किराणा उधारीवर आणतो, आणि उधारीचा भाव नेहमीच चढा असतो. आमच्याकडे पंच सर्व पुरुष आणि बहुतेक शेतमालक आहेत. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 मध्ये ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होत होती, तेव्हा निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती काम सोपवले गेले, असे मला त्यावरून दिसते. आपणही तसे करावे.

उत्तर 3 : कोरडवाहू शेतकरी, पांढरकवडा परिसर

मजुरी थांबवणारा प्रत्येक शेतकरी लबाड नसतो, हेही येथे नोंदवले पाहिजे. सीसीआयला, म्हणजे सरकारी भारतीय कापूस महामंडळाला, कापूस दिला तर पैसे आधार जोडलेल्या खात्यात काही दिवसांनी येतात. खेडा खरेदीवाला, म्हणजे गावात येऊन कापूस घेणारा व्यापारी, रोख देतो, पण भाव पाडून मागतो. वेचणी ऐन भरात असते, तेव्हाच लहान शेतकऱ्याच्या घरात रोकड नसते. आमच्या मंडळीने हंगामाच्या उपकारस्तुतीच्या अर्पणातून वेगळी रक्कम काढली आहे. अल्पभूधारक सभासदाला तीतून बिनव्याजी उचल मिळते. ती त्याच्या हाती न देता बाजाराच्या आदल्या दिवशी थेट वेचणाऱ्या बायांना दिली जाते आणि कापसाचे पैसे आल्यावर तो परत भरतो. मोठ्या शेतमालकांना ही सोय नाही. त्यांनी पदरचेच द्यावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. पुढील बैठकीस वेचणीला जाणाऱ्या भगिनींनाही बोलावण्याचा आग्रह मी धरणार आहे. दादा, तुमच्याकडे या उचलीचा हिशेब कोण ठेवते?

उत्तर 3 चा लेखक

कोषाध्यक्षांकडे फक्त रक्कम असते. वही वेचणाऱ्यांपैकीच एका शिकलेल्या मुलीकडे आहे. तीत तारीख, नाव, वजन आणि दिलेले पैसे लिहिले जातात, आणि काट्यावरचा आकडा तिने पाहिल्याशिवाय नोंद होत नाही.