मंडळाच्या वर्गणीतून कॅन्सर पेशंटला रोख मदत : द्यावी की नाही?

पूर्वभागकर :
सोलापुरातल्या आमच्या गणपती मंडळानं यंदा डीजेचे पैसे वाचवून कॅन्सरच्या पेशंटना द्यायचं ठरवलंय. डीजे गेला, कान वाचले. पण स्टेजवर बोलावून चेक द्यायला माझा विरोध आहे. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन, केमो, रेडिएशन बसतं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, आणि २०२३ च्या निर्णयानंतर पांढऱ्या रेशनकार्डालाही. मग आपल्याकडची माणसं दागिने का मोडतात? कागदांपायी! आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं. तेलुगू आडनावाचं स्पेलिंग तर प्रत्येक कागदावर निराळं. ते दुरुस्त होईपर्यंत घरचे घाबरून खाजगीत ॲडमिट करतात, आणि योजना कॅशलेस असल्यानं भरलेलं बिल परत मिळत नाही. चेक वाटू नका. सेतू, तहसील आणि हॉस्पिटलातला योजनेचा मदतनीस म्हणजे आरोग्यमित्र यांच्यात पळायला वर्षभर पगारी माणूस ठेवा.

कुंभारीची विडीवाली :
फोटो नको, हे पटलं. बाकी नाही. कागद झाले, केमो फुकट झाली, पुढं? रेडिएशन कधी कधी पाच-सहा आठवडे चालतं, बहुतेक शनिवार-रविवार सोडून रोज. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला रोज एसटीनं जायचं की तिथंच खोली घ्यायची? परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलात नंबर लागला तर मुंबईत राहायचं कुठं? आमची मजुरी हजार विड्यांवर. हात थांबला की पैसा थांबला. नवरा लूमवर, त्याचा खाडा म्हणजे तेवढी मजुरी गेली. सावकाराची पायरी माणूस ऑपरेशनसाठी चढत नाही ओ, या आठवड्यांसाठी चढतो. याला कुठल्या योजनेत जागा हाय सांगा. रोखच द्या, घरी नेऊन द्या.

सिद्धेश्वरचा प्रवासी :
रेल्वेच्या प्रवासापुरतं सांगतो. उपचाराला जाताना स्लीपर आणि थ्री टायर एसीत पेशंटचं तिकीट पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सवलत. हॉस्पिटलचं ठरावीक नमुन्यातलं सर्टिफिकेट लागतं.

सात रस्ता :
मुळात हे मंडळाचं काम आहे का? धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी निम्म्या दरात ठेवाव्याच लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १.८० लाख आणि ३.६० लाख. हक्काचं आहे ते भांडून घ्या. वर्गणी देणाऱ्यानं गणपतीला दिलेली असते.

पूर्वभागकर :
भांडायलाही तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो साहेब. म्हणून तर माणूस ठेवा म्हणतोय.

रिटायर्ड सिस्टर :
दोघंही निदान झाल्यानंतरचं बोलताय. त्याआधी स्कॅन, बायॉप्सी, पुन्हा स्कॅन, बरेचदा सगळं खिशातून. तिथंच पैसे संपलेले लोक मी पाहिलेत. बाई गाठ दाखवायला येत नाही, कारण तपासणीचे पैसे म्हणजे पोरांच्या फीचे पैसे. आपल्या शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलनं टाटाबरोबर केलेला अभ्यास २००९ मध्ये छापून आला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी केली, तरी त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. लवकर सापडलेला कॅन्सर बहुधा स्वस्तातही सुटतो. मंडळानं तपासणीचे पैसे थेट लॅबला भरावेत.

कुंभारीची विडीवाली :
सिस्टर, शिबिरं घ्या की, आम्ही रांग लावू. पण आज जी खाटेवर हाय, तिच्या घरचं भाडं त्यानं भागतं का?

पूर्वभागकर :
भाडं द्यायला ना नाही. पण ठरवणार कोण? रोख म्हटलं की अध्यक्षाच्या गल्लीतला पेशंट पहिला. यादी, बिल, डॉक्टरची चिठ्ठी काहीतरी पाहिजेच.

कुंभारीची विडीवाली :
चिठ्ठी आणतो. पण यादी कारखान्यातल्या बायका करतील, कुणाच्या घरात काय चाललंय ते त्यांना ठाऊक असतं. रविवारच्या मीटिंगला त्यांना बोलावणार का, ते आधी सांगा.