युगांडातील पंधरा दिवसांच्या सेवाफेरीसंबंधी विचारणा

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

आमच्या घराजवळच्या चर्चमधील दहा-बारा जण दरवर्षी पंधरा दिवसांसाठी युगांडाच्या मसाका भागात सेवाकार्यासाठी जातात. तेथील एका शाळेची डागडुजी, रुग्णतपासणीचे शिबिर आणि आसपासच्या गावांतील हातपंपांची कामे असा त्यांचा कार्यक्रम असतो. माझे सारे आयुष्य पाणीपुरवठ्याच्या कामात गेले, हे त्यांच्यापैकी एकांना ठाऊक असल्यामुळे त्यांनी या वर्षी मलाही सोबत येण्याविषयी विचारले आहे. मी ख्रिस्ती नाही, घरी रोज देवपूजा करतो, आणि हे माहीत असूनच त्यांनी आमंत्रण दिले आहे.

मन होकाराकडे झुकते आहे; पण धर्मप्रसाराच्या कार्यात नकळत आपला हात लागेल काय, आणि पंधरा दिवसांसाठी गेलेल्या परक्या माणसाचा तेथे खरोखर काही उपयोग होतो काय, या दोन शंका मनातून जात नाहीत. शिवाय वय ६३ आहे, त्यामुळे घरच्यांना लसी आणि मलेरिया यांची काळजी वाटते. सभासदांपैकी कोणी अशा फेरीत जाऊन आले असल्यास कृपया मोकळेपणाने लिहावे. न आवडणारे असले तरी चालेल.

आपला,
ग. वि.

———

विषय: उत्तर: युगांडातील सेवाफेरी

प्रिय भाऊ, सप्रेम नमस्कार.

मी जन्माने आणि श्रद्धेने ख्रिस्ती आहे, व्यवसायाने परिचारिका होते, आणि अशा गटांबरोबर तीनदा युगांडाला जाऊन आले आहे. त्यामुळे आपल्या शंकांवर थोडे सविस्तर लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे समजते.

धर्माचा मुद्दा प्रथम घेते, कारण आपण तो प्रथम मांडला आहे. युगांडा हा ख्रिस्ताचे नाव न ऐकलेला देश नाही. तेथे अँग्लिकन मिशनरी १८७७ साली आणि कॅथलिक मिशनरी १८७९ साली पोहोचले. पुढच्या दहा वर्षांच्या आतच कबाका म्वांगा या राजाच्या आज्ञेने अनेक तरुण ख्रिस्ती सेवकांना मारण्यात आले, आणि त्यांतील कित्येकांना ३ जून १८८६ रोजी नामुगोंगो येथे जिवंत जाळण्यात आले. त्यांतील २२ कॅथलिक हुतात्म्यांना १९६४ साली संतपद मिळाले. ३ जून हा तेथे सार्वजनिक सुट्टीचा दिवस असून दूरदूरच्या जिल्ह्यांतून लोक दिवसेंदिवस पायी चालत नामुगोंगोला येतात. आज त्या देशातील पाचांपैकी चारांहून अधिक माणसे ख्रिस्ती आहेत. हे सर्व वाचल्यावर ‘आम्ही त्यांना सुवार्ता सांगायला निघालो आहोत’ असे म्हणणाऱ्या गटाकडे मी जरा संशयानेच पाहते. ज्यांच्या पणजोबांनी श्रद्धेपायी प्राण दिले, त्यांच्या घरी आपण पाहुणे म्हणून जात आहोत, एवढे भान गटप्रमुखांना असले तर आपल्यासारख्या देवपूजा करणाऱ्या माणसाला तेथे अवघडल्यासारखे होणार नाही. सकाळच्या प्रार्थनेला आपण शांतपणे बसलात तर सर्वांना बरे वाटेल, आणि न बसता बाहेर चहा घेत थांबलात तरी कोणी रागावणार नाही.

मात्र एक गोष्ट जाण्यापूर्वी लेखी विचारून घ्या: औषध, पाणी किंवा शाळेचे साहित्य मिळण्यासाठी कोणाला प्रवचन ऐकावे लागते काय? माझ्या पहिल्या फेरीत आमच्या गटाने शिबिरासाठी जमलेल्या लोकांना तपासणीचे टोकन देण्यापूर्वी तासभर उपदेश ऐकवला. रांगेत एक आई तापाने फणफणलेले मूल मांडीवर घेऊन बसली होती. तेथील आरोग्य केंद्राच्या परिचारिकेने पुढे येऊन, कोणालाही न विचारता, ते मूल उचलले आणि आत नेले. मुलाला मलेरिया होता. ती परिचारिका स्वतः नियमाने चर्चला जाणारी होती. त्या दिवशी तिच्यापुढे मला माझ्या गटाची आणि माझीही लाज वाटली. असा प्रकार जेथे चालतो तेथे आपण जाऊ नये, आणि मीही जाणार नाही.

उपयोगाविषयी विचाराल तर शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट आपल्यालाही ठाऊक असेल. रस्त्यात पडलेल्या जखमी माणसाला त्याने उचलले, जखमा बांधल्या आणि उतारशाळेत नेऊन ठेवले, एवढेच लोक सांगतात. परंतु दुसऱ्या दिवशी तो उतारशाळेच्या रक्षकाला दोन दीनार देऊन, अधिक खर्च झाला तर परत येताना देईन असे सांगून, आपल्या वाटेने निघून गेला, हे फारसे कोणी सांगत नाही. पुढची शुश्रूषा त्या रक्षकाने केली. आपण पंधरा दिवसांचे वाटसरू आहोत, त्यामुळे रक्षक कोण आहे, त्याने आपल्याला बोलावले आहे काय आणि आपण गेल्यावर त्याच्या हाती काय उरणार आहे, हे कळल्याखेरीज तिकीट काढू नये.

आमच्याच हातून झालेली चूक सांगते. दुसऱ्या फेरीत आम्ही चार पेट्या भरून औषधे नेली. त्यांत डॉक्टरांना मिळालेले मोफत नमुने होते, लोकांनी घरून आणून दिलेली अर्धवट वापरलेली पाकिटे होती आणि मुदत संपायला दोन-तीन महिनेच उरलेल्या गोळ्याही होत्या. आरोग्य केंद्रातील एकुलत्या एका औषधनिर्मात्याला ती निवडून वेगळी करण्यात दोन दिवस घालवावे लागले, आणि त्या दोन दिवसांत त्याची नेहमीची रांग ताटकळत राहिली. दान केलेल्या औषधांची मुदत ती पोहोचल्यानंतर किमान एक वर्ष उरलेली असावी, आणि रुग्णांनी परत केलेली किंवा नमुन्यादाखल मिळालेली औषधे देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन १९९६ पासून उपलब्ध आहे. आम्ही ते वाचले नव्हते.

कार्यक्रमात ‘अनाथालयाला भेट’ असेल तर ती वगळावी, असे मी आग्रहाने सांगेन. अशा गृहांतील कित्येक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पाहुण्यांच्या देणग्या येत राहिल्या की गृहे भरलेली ठेवण्याचा मोह वाढतो, आणि दर पंधरा दिवसांनी नवा माणूस येऊन लळा लावून गेला की मुलांच्या मनावर त्याचे ओरखडे राहतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही डिसेंबर २०१९ मधील ठरावात अनाथालयांतील अशा स्वयंसेवेच्या धोक्याची दखल घेतली आहे.

आता प्रकृतीविषयी. युगांडात प्रवेश करताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ते ग्राह्य धरले जाते, आणि जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर वैध असते. परंतु वयाच्या साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेणाऱ्यांमध्ये गंभीर दुष्परिणामांची शक्यता, मुळात अत्यल्प असली तरी, तरुणांपेक्षा जास्त असते. म्हणून आपण प्रवासी आरोग्याच्या तज्ज्ञ डॉक्टरांना किमान सहा आठवडे आधी भेटावे आणि चालू असलेल्या सर्व औषधांची यादी सोबत न्यावी. मलेरिया तेथे बारमाही आहे आणि बहुतांशी फाल्सिपेरम या घातक प्रकारचा आहे. प्रतिबंधक गोळ्यांपैकी काही परत आल्यावर सात दिवस, तर काही चार आठवडे चालू ठेवाव्या लागतात, आणि लोक नेमके येथेच चुकतात. आमच्या गटातील एका धडधाकट तरुणाने विमानातून उतरताच गोळ्या बंद केल्या आणि तिसऱ्या आठवड्यात तो अतिदक्षता विभागात होता. परतल्यानंतर कित्येक महिन्यांपर्यंत ताप आला तर ‘युगांडाहून आलो आहे’ हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगून त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्यावी.

व्हिक्टोरिया सरोवर पाहून पाण्यात उतरण्याची इच्छा होईल, पण तेथील गोगलगायींमुळे पसरणारा बिल्हार्झिया हा कृमिरोग कातडीतून शरीरात शिरतो, तेव्हा काठावरूनच दर्शन घ्यावे. आणि हे सर्व सांभाळून बोडा-बोडा नावाच्या मोटारसायकलवर रात्री बसू नये. डासांची भीती घालणारे आम्ही सारे जण रस्त्याची भीती सांगायला विसरतो.

आपली,
सु. ज.

———

विषय: उत्तर: उत्तर: युगांडातील सेवाफेरी

ताईंचे पत्र प्रांजळ आहे, तरी माझा मूळ आक्षेप शिल्लक राहतो. बारा जणांच्या विमानप्रवासाचा खर्च तेथे पाठवला तर स्थानिक गवंडी, परिचारिका आणि मेकॅनिक यांना कितीतरी दिवसांची मजुरी मिळेल. इव्हान इलिच हे स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९६८ साली मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे त्यांनी सेवेसाठी निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढेच भाषण केले होते. पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका, असा त्याचा आशय होता. त्याला पन्नासहून अधिक वर्षे झाली, आणि आपण अजून तेथेच आहोत. भाऊंच्या हेतूविषयी मला यत्किंचितही शंका नाही. हेतू चांगला असणे पुरेसे असते काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

— श्री. दे.

———

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: युगांडातील सेवाफेरी

ताई आणि श्री. दे. या दोघांचाही मी ऋणी आहे.

श्री. दे. यांच्या पत्रामुळे तीन दिवस अस्वस्थ होतो, आणि त्या अस्वस्थतेत माझ्याच विषयातील एक जुनी गोष्ट पुन्हा चाळून पाहिली. युगांडातील विंधन विहिरींवर यू-टू आणि यू-थ्री या नावांचे हातपंप सर्वत्र दिसतात, आणि ते मुळात आपल्या इंडिया मार्क टू आणि मार्क थ्री या पंपांच्याच आवृत्त्या आहेत. मार्क टू हा १९७० च्या दशकात युनिसेफच्या पुढाकाराने तयार झाला, आणि त्याचा आधार होता सोलापूरचा पंप. सोलापूर आणि जालना येथील ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी, दुष्काळी भागात काम करताना, परदेशातून आलेले ओतीव लोखंडाचे पंप पुन्हा पुन्हा का मोडतात हे जवळून पाहिले होते. ते पंप एका शेतकरी कुटुंबाच्या वापरासाठी बनवलेले होते आणि येथे त्यांच्यावर सबंध गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत पाणी भरत असे. ओतीव लोखंड सोडून पोलादी जोडकाम वापरणे आणि दांडा व दट्ट्या यांच्यामध्ये साखळी घालणे या सुधारणा अशा नित्य मोडतोडीतून निघाल्या. त्या करणारी माणसे पंधरा दिवसांत परतणारी नव्हती. हा श्री. दे. यांच्या बाजूचा पुरावा आहे, हे मी मान्य करतो.

तरीही पैसे पाठवून मोकळे व्हावे, एवढ्यावर माझे समाधान होत नाही. हातपंपाच्या कामात पैशांइतकीच उणीव अनेकदा निदानाची असते. युगांडाच्या काही भागांत भूजल आम्लधर्मी आहे, त्यामुळे जस्ताचा मुलामा दिलेले पाइप आतून गंजतात, पाणी तांबूस येते, लोक ते पिण्याचे सोडून पुन्हा डबक्याकडे वळतात, आणि कागदोपत्री मात्र तो पंप चालू असतो. अशा ठिकाणी देणगीतून आणखी एक विहीर खोदून तोच पाइप घातला तर पैसे अक्षरशः पाण्यात जातात.

म्हणून गटप्रमुखांना होकार देण्याआधी मी ताईंच्या सूचनेप्रमाणे ‘उतारशाळेचा रक्षक’ शोधला. युगांडात जिल्ह्याजिल्ह्यांत हातपंप मेकॅनिकांच्या संघटना आहेत. तेथील पाळकांमार्फत त्यांच्या एका पदाधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार झाला. माझ्या यादीत नवी विंधन विहीर पहिली होती, आणि त्यांच्या यादीत ती नव्हतीच. त्यांना हवे आहे ते असे: गेल्या काही वर्षांच्या दुरुस्तीच्या नोंदी एकत्र बसून तपासणे, कोणत्या गावांत पाइप वारंवार गंजतात याचा नकाशा करणे, पाण्याची आम्लता मोजण्याची दोन चांगली उपकरणे, आणि दोन तरुण मेकॅनिकांना ती वापरायला शिकवणे. पंप उघडण्याचे काम तेच करतील, मी बाजूला उभा राहीन, हेही त्यांनी विनयाने पण स्पष्टपणे लिहिले आहे. या अटीवर जायला मला आनंद वाटतो. माझ्या तिकिटाइतकीच रक्कम मी संघटनेच्या सुट्या भागांच्या निधीला देणार आहे, म्हणजे श्री. दे. यांच्याशी निदान अर्धी तडजोड होईल.

पाणी देताना प्रवचनाची अट नसते आणि अनाथालयाची भेट कार्यक्रमात नाही, असे गटप्रमुखांनी लेखी कळवले आहे. पर्यटक व्हिसावर हे काम चालते काय, याची विचारणा युगांडाच्या दूतावासाकडे केली आहे आणि उत्तराची वाट पाहतो आहे. पीतज्वराच्या लसीसाठी डॉक्टरांची वेळ पुढच्या मंगळवारची आहे.

ताई, लुगांडा भाषेतील चार शब्द शिकून जावेत असे वाटते. कोणते ते कळवाल काय?

आपला,
ग. वि.

———

विषय: उत्तर: लुगांडातील चार शब्द

भाऊ,

‘ओली ओत्या’ म्हणजे कसे आहात, आणि त्याचे उत्तर ‘ज्येंदी’, म्हणजे बरा आहे. ‘वेबाले न्यो’ म्हणजे पुष्कळ आभार. परंतु सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुरुषांना ‘स्सेबो’ आणि स्त्रियांना ‘न्याबो’ म्हणणे. आपल्याकडे ‘अहो’ गाळून बोलावे तसे ते शब्द गाळलेले वाक्य तेथे कानाला रुक्ष लागते. भेटताच कामाचे बोलू नका, घरच्यांची विचारपूस होईपर्यंत थांबा. त्यात पहिल्या दिवशी आपली अर्धी सकाळ जाईल, ती जाऊ द्या.

आणि उन्हात काम करणार असाल तर डॉक्टरांना विचारून मलेरियासाठी डॉक्सिसायक्लिन या गोळीऐवजी दुसरी गोळी घ्या, कारण तिने कातडी उन्हाने लवकर भाजते. लांब बाह्यांचे, फिकट रंगाचे सदरे चार तरी न्या.

आपली,
सु. ज.